बिबट्याची हजेरी कशी घ्यावी

वन्य पशू पाहावयाचा म्हणजे मचाणावर रात्र काढावी, खोकला दाबून धरावा आणि पहाटे मोराखेरीज काही न पाहता घरी परतावे, ही जी आपली परंपरागत पद्धती, तिचा त्याग करून जो जिज्ञासू झाडाच्या बुंध्याला कॅमेरा ट्रॅप बांधून स्वतः घरी निद्रासुख घेऊ इच्छितो, त्याच्या, आणि विशेषेकरून नगरहवेलीतील खडोली व सिल्वासा या बाजूच्या इच्छुकांच्या सोयीसाठी पुढील सूचना देत आहोत.

प्रथम, ज्याची हजेरी घ्यावयाची तो कोणाच्या अमलात मोडतो हे पाहावे. पेशव्यांनी 1783 साली नगरहवेली पोर्तुगीजांच्या हवाली केली. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा त्यांच्या हातून सुटले. 1961 साली हा मुलूख रीतसर भारतात विलीन झाला आणि 26 जानेवारी 2020 पासून दमण व दीव यांच्यासह एका दप्तरात बांधला गेला. यांपैकी एकाही हस्तांतराची नोटीस बिबट्यावर बजावल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे महाराष्ट्राची हद्द ओलांडताना किंवा गुजरातेत शिरताना तो कोणाकडे रुजू होत नाही. अर्जदाराला ही मुभा नाही. येथील अभयारण्य सुमारे 92 चौरस किलोमीटरचे. त्यात छायाचित्रणासाठी पाऊल टाकावयाचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 28 अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. दरखास्तीत प्रयोजन म्हणून ‘कुतूहल’ असे चुकूनही लिहू नये, ‘अभ्यास’ लिहावे. ज्यांना ही दगदग सोसत नाही त्यांच्यासाठी वासोण्याला सिंहांची सफारी आणि सातमालियाला हरणांचे उद्यान आहे; तेथे जनावर तिकिटावर दिसते.

आता यंत्राविषयी. कॅमेरा ट्रॅप हा रानात नेमलेला बिनपगारी कारकून होय. समोरून काय गेले याचा विचार करणे त्याच्या कामात येत नाही, काहीतरी ऊबदार हलले एवढीच नोंद तो तारीख-वेळेसह करतो. यातून दोन अनर्थ संभवतात. वैशाखातल्या दुपारी जमीन आणि जनावराचे अंग जवळपास सारखेच तापले असता साक्षात बिबट्या समोरून गेला तरी त्याला दखल घेण्याजोगे काही घडले असे वाटत नाही. उलट उन्हाने तापलेले सागाचे एखादे पान वाऱ्याने डोलू लागले की तो त्याची नोंद सूर्यास्तापर्यंत घेत राहतो. म्हणून समोरचे गवत आणि लोंबत्या डहाळ्या आधी काढाव्यात, तोंड पूर्वेला वा पश्चिमेला करू नये, आणि वाटेपासून तीन-चार मीटरांवर, गुडघ्याच्या उंचीला यंत्र बांधावे. बांधल्यावर स्वतः रांगत समोरून जाऊन पाहावे. हे करताना गुराखी पाहत असल्यास गांभीर्य ढळू देऊ नये.

बिबट्याची गणती करावयाची असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवा. कारण त्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर नसतात, आणि एकच बाजू टिपली तर एका असामीची दोन खाती उघडली जाण्याचा संभव असतो. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. मुंग्या तरीही घर करतील.

या विद्येची परंपरा मोठी आहे. वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी 1920 च्या दशकात उत्तरेच्या तराईत वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पायाने वाघाचे छायाचित्र काढविले. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि 3 कोटी 48 लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांत वाघांची 76,651 आणि बिबट्यांची 51,777 होती. उरलेल्या साडेतीन कोटींच्या आसपास चित्रांत काय होते, हे ज्याने एखादे तरी मेमरी कार्ड उघडले आहे त्याला सांगावयास नको. पान, पान, शेळी, शेळीची नाकपुडी, अत्यंत जवळून, ओलसर, मग सारे पांढरे, कारण तिने काच चाटली, गावचे कुत्रे, पुन्हा पान.

बिबट्या तिकडून जातो की नाही हे शेळ्यांच्या मालकाला ठाऊक असते, पण त्याच्या सांगण्यावर तारीख-वेळेचा शिक्का नसल्याने ते पुरावा म्हणून ग्राह्य धरले जात नाही. वारली वस्तीच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला वाघदेव तर बॅटरीवाचून पिढ्यान् पिढ्या पहारा देत आहे. वाघबारशीला त्याची पूजा होते. त्याच्या जवळपास यंत्र बांधू नये. एका वाटेवर दोन अधिकारी नेमल्याने तंटे होतात.

शेळ्यांनंतर कार्डात येतात ती माणसे, आणि येथे चेष्टा पुरे. सरपणाची मोळी घेतलेली बाई, पहाटे मोहाची फुले वेचणारी मुलगी, पाळी संपवून रानवाटेने पाड्यावर परतणारा कामगार, यांच्यापैकी कोणीही हजेरी देण्यास कबूल झालेले नसते. कॉर्बेटच्या जंगलाविषयी केंब्रिजच्या संशोधकांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे नमूद आहे की, हत्ती-वाघ दूर राहावेत म्हणून मोठ्याने गात रानात हिंडणाऱ्या बायका कॅमेऱ्यांच्या धास्तीने गप्प होऊ लागल्या. आणि शौचास बसलेल्या एका स्त्रीचे असे टिपले गेलेले चित्र गावात फिरविले गेल्यावर लोकांनी कॅमेरे फोडले. त्यात त्यांचे काय चुकले, हे आम्हांस उमगलेले नाही.

सबब, कॅमेरा बांधण्यापूर्वी पाड्यावर जाऊन सांगावे, कोणत्या झाडाला बांधणार ते झाड दाखवावे, पाणवठ्याच्या आणि बायकांच्या वाटेवर तो बांधूच नये, आणि कार्डात माणूस आढळल्यास ते चित्र कोणालाही न दाखविता पुसून टाकावे. परवान्यावर ही अट छापलेली नसली तरी ती पाळावी.