वडगावचा तह आणि ग्राफिक्स कार्ड

१७७९ च्या जानेवारीत तळेगावापर्यंत चालून आलेल्या आणि तेथून माघार घेताना वडगावी मराठ्यांच्या वेढ्यात सापडलेल्या इंग्रजी फौजेने जो तह केला, तो करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता अशी सबब पुढे करून कंपनी सरकारने तो फेटाळला, हे मावळातील शाळकरी मुलांना पाठ असते. परंतु या पाठाचा व्यवहारात विनियोग करणारा विद्यार्थी विरळा, आणि असा एक विरळा विद्यार्थी दैवयोगाने लोणावळ्यास आमच्याच घरी नांदतो. “बाबा, हा शेवटचा खर्च,” असे वचन देऊन चिरंजीवांनी संगणक पदरात पाडून घेतला होता; आता ग्राफिक्स कार्डाची दरखास्त दाखल करताना त्यांचे म्हणणे असे की, ते वचन आठवीतल्या अजाण मुलाने दिलेले असून अकरावीतल्या गृहस्थावर ते बंधनकारक नाही.

गृहखात्याने, म्हणजे त्यांच्या मातोश्रींनी, दहा हजारांची तरतूद मंजूर केली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसास दोन्हीकडचे भाव ऐकून निराश होण्याची सोय असल्यामुळे प्रकरण लवकरच सेकंडहँड बाजारात जाऊन पोहोचले. तेथे २०१७ साली निघालेले, आठ जीबीचे आरएक्स ५८० मुबलक, आणि बहुतेकांवर ‘फक्त घरगुती वापर’ असा शेरा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम नामक आभासी चलनाने आपली रीत बदलली, तेव्हा नाणी खणण्यासाठी अहोरात्र राबणारी जगभरची असंख्य कार्डे एका दिवसात बेकार झाली. ती सगळी त्याच रात्री गृहस्थाश्रमात शिरली असावीत, असे या जाहिराती वाचून वाटते.

बरे, कार्ड स्वस्त. पण त्याचा आहार १८५ वॅटचा, आणि आमच्या कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेला ४५० हा आकडा निव्वळ काव्यात्म. म्हणजे एसएमपीएस नवा हवा. शिवाय ज्या मावळच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण होऊन मुंबईच्या गिरण्या चालल्या, त्याच मावळात आषाढाच्या पहिल्या सरीबरोबर दिवे मालवतात. तेव्हा यूपीएसही हवा. अशा रीतीने काटकसरीच्या पायऱ्या चढत चढत आम्ही दहा हजारांवरून वीस हजारांवर आलो. अखेर मी २०१९ चे जीटीएक्स १६५० सुचविले: चार जीबी, ७५ वॅट, आणि बऱ्याच नमुन्यांना वेगळी तारही नको, मदरबोर्डच्या खाचेतून मिळेल तेवढ्यावर संतुष्ट. अल्पसंतुष्टता हा गुण चिरंजीवांस माणसात चालतो, कार्डात चालत नाही. तरीही खजिन्याची परिस्थिती पाहून त्यांनी नाइलाजाने संमती दिली, कार्ड आले, बसले, आणि पंखाही फिरला.

दुसऱ्याच दिवशी पुरवणी अर्ज दाखल झाला. घरचा मॉनिटर जुना, त्यास केवळ व्हीजीएची निळी तार कळते, आणि नव्या कार्डास ते भोक नाही. सबब नवा मॉनिटर तातडीने मंजूर व्हावा, असा त्याचा मजकूर असून काही शे रुपयांत कन्व्हर्टर मिळतो याचा उल्लेख मात्र त्यात कोठेही आढळत नाही.