मास्तर

कर्वेनगरातल्या त्या अमृततुल्यासमोर दुपारी चारच्या सुमाराला दहा-बारा मोटारसायकली तिरक्या लागतात. त्यांतली पूर्वी एकच तोंड रस्त्याकडे करून उभी असायची. ती मास्तरांची. ऑर्डर पडल्यावर गाडी वळवण्यात अर्धं मिनिट जातं, आणि दिवसभराची अर्धी-अर्धी मिनिटं जोडली तर एक अख्खी ऑर्डर निघते, असं त्यांचं म्हणणं. हा हिशेब कोणी तपासलेला नाही, पण एकेक करत पोरं गाड्या उलट्या लावायला लागली आहेत.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. दहावीनंतर शिकतही नव्हते. भोसरीत लेथवर होते; लॉकडाऊनमध्ये वर्कशॉपला कुलूप लागलं, तेव्हा पाठीला बॅग लावली ती लावलीच. वय चाळिशीच्या अलीकडे. उजव्या हातमोज्याचा अंगठा आणि तर्जनी कात्रीने कापलेली, म्हणजे मोजा न काढता स्क्रीनवर बोट चालतं. हँडलवरच्या मोबाईलला दुधाच्या पिशवीचं कव्हर आणि त्यावर पार्सलची तीन रबरं. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पॉवर बँक, भर मे महिन्यातही रेनकोट, आणि प्लॅस्टिकच्या चमच्यांचा जुडगा. "हॉटेलवाला चमचा टाकायला विसरतो आणि स्टार आपला जातो," मास्तर सांगतात. "दहा पैशांच्या चमच्यापायी रेटिंग घालवायचं?"

नवा भिडू आला की आधी मास्तरांपुढे उभा केला जातो. "मास्तर, ह्याला लावायचाय." मास्तर कप खाली ठेवतात.

"आधार, पॅन?"

"हाय."

"पासबुक? आरसी? इन्शुरन्स चालू आहे का संपलाय? पीयूसी?"

"काढतो की."

"लायसन्स?"

"लर्निंग हाय."

"मग पक्कं झाल्यावर ये."

पोरगं फारच हिरमुसलं तर मास्तर दुसरी वाट दाखवतात. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या इलेक्ट्रिक गाडीला ना नोंदणी लागते, ना लायसन्स; ती आठवड्याच्या भाड्याने मिळते. "फक्त कोथरूड सोडू नको. चांदणी चौकाच्या चढाला ती तुला नेणार नाही, तू तिला नेशील."

खरी परीक्षा पुढे असते. पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेलं असतं: महिन्याला पन्नास हजार, ते पण मनाला येईल तेव्हा काम करून. मास्तर खिशातून डायरी काढतात. तिच्यात रोजचे किलोमीटर शाईने आणि कमाई पेन्सिलने लिहिलेली असते, कारण किलोमीटर कोणी कापून घेत नाही.

"हजार आले समज दिवसाला. पळालास किती? सव्वाशे किलोमीटर. सिग्नल धरून ॲव्हरेज पंचेचाळीस. पेट्रोल शंभराच्या वर. गेले दोनशे नव्वद. चहा-वडापाव साठ. ऑईल, टायर, ब्रेक लायनर, चेन ह्यांचे रोज साठ बाजूला काढायचे. नाही काढले तर एक दिवस एकदम निघतात. रिचार्जचे पंधरा. राहिले किती?"

पोरगं बोटांवर मोजतं. "पावणेसहाशे."

"गाडीवर हप्ता आहे?"

"हाय."

"मग साडेचारशे. आता त्याला अकरा तासांनी भाग. बॅग आणि टी-शर्टचे पैसे पहिल्या काही आठवड्यांत कापून घेतील, ते वेगळे."

"पण मास्तर, व्हिडिओवाल्यानं पेट्रोल धरलंच नव्हतं."

"तो व्हिडिओवर कमावतो बाळा. त्याला पेट्रोल लागत नाही."

एवढं ऐकून काही जण परत जातात. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतात. गावाकडे त्यांना कोणी साडेचारशेही देत नसतं.

इथपर्यंत मास्तर हिशेबनीस असतात. इथून पुढे ते ज्योतिषी होतात. ऑर्डर कोणाला पडणार, एकाच कट्ट्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाचाच फोन का वाजतो, हे ॲप कोणाला सांगत नाही. जिथे नियम दिसत नाही तिथे मास्तरांना दिसतो. "तुझी आयडी थंड पडलीय," ते निदान करतात. दिवसाची पहिली ऑर्डर नाकारायची नाही, मग ती चौथ्या मजल्यावरची विनालिफ्टची असो. सारखं लॉगआउट करायचं नाही, ॲपला राग येतो. फोन एकदा एअरप्लेन मोडवर टाकून काढायचा, आणि तोही बिर्याणीच्या दुकानाकडे तोंड करून. उतारा लागू पडला तर मास्तरांचं नाव होतं. नाही पडला तर पोरानं काल नक्की कुठली तरी ऑर्डर कॅन्सल केलेली असते.

त्यांचं पंचांग मात्र पक्कं आहे. गटारीच्या संध्याकाळी मास्तर घरी जेवत नाहीत. श्रावण लागला की बिर्याणीवाल्याचा नाका सोडून थाळीवाल्याकडे ठाण. एकादशीला साबुदाण्याची खिचडी करणारे स्वयंपाकघर कुठे आहे, हे त्यांना आदल्या दिवशी ठाऊक असतं. पावसात ऑर्डरमागे जादा पैसे मिळतात, म्हणून इंदापूरकडे भाऊ शेतासाठी पाऊस मागतो तेव्हा मास्तरही मागतात. फक्त पुण्यात, आणि संध्याकाळी सात ते दहा.

पत्त्यांचं शास्त्र वेगळं. नदीच्या अलीकडे नकाशावर विश्वास ठेवायचा, पेठांत शिरल्यावर माणसाला विचारायचं. दुपारी एक ते चार मात्र विचारायचं नाही. 'गणपती मंदिरासमोर' असा पत्ता आला, तर फोन लावून 'कुठल्या' एवढंच म्हणायचं. बेलशेजारची पाटी पूर्ण वाचल्याशिवाय बेलला हात लावायचा नाही. आणि रोखीच्या ऑर्डरीचे पैसे खिशात आले तरी आपले नसतात. मर्यादेच्या वर साचले की भरणा करीपर्यंत ऑर्डरी बंद.

मध्यंतरी कट्ट्यावरच्या एका शिकलेल्या पोरानं बातमी वाचून दाखवली. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आपल्यासारख्यांची तीत नोंद आहे. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतले एक ते दोन टक्के आपल्या सुरक्षेच्या निधीत टाकायचे आहेत. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले, "म्हणजे आठवड्याला किती?" आठवड्याला काही नाही, योजना निघतील, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. पण त्याच संध्याकाळी त्यांनी ई-श्रम कार्ड नसलेल्या प्रत्येकाची नोंदणी करून घेतली. स्वतःचं कार्ड त्यांनी लॅमिनेट केलंय. ते हेल्मेटच्या आत ठेवतात, कारण पडलो तर लोक आधी हेल्मेट काढतात.

मुलीच्या वाढदिवसाला मास्तरांनी पहिल्यांदाच घरी पिझ्झा मागवला. मुलगी केककडे बघत होती, मास्तर नकाशावर सरकणाऱ्या गाडीकडे. "हा डहाणूकरवरून का गेला? तिथे खोदलंय!" मग रायडरला फोन: "मागच्या बाजूनं ये. गतिरोधक आहे, बॅग आडवी होईल." शेवटी जिन्यातून धावत खालीच गेले, हातात पाण्याची बाटली आणि पन्नासची नोट. ॲपवरच्या टिपवर त्यांचा भरवसा नाही.

गाडीवर त्यांचाच एक चेला. "मास्तर, तुम्ही? मग पाच स्टार द्या की!"

मास्तरांनी पिझ्झा घेतला, नोट दिली, पाणी पाजलं आणि अंगठा स्क्रीनवर नेऊन थांबवला.

"देतो. आधी हेल्मेटचा पट्टा लाव."