चटणीचं ऑब्सेशन

ज्येष्ठ संपता संपता पुण्याहून नातीचा फोन आला. आम्ही पाठवलेली शेंगाची चटणी पोचली होती. "आज्जी, आय ॲम सो ऑब्सेस्ड विथ धिस चटणी!" फोन ठेवल्यावर हिचा चेहरा उतरलेला.

"काय झालंय हो पोरीला?"

"काही नाही. चटणी आवडली म्हणते."

"मग तसं म्हणावं ना! मला वाटलं, तिखटानं काही बाधलं."

विषय खरं तर तिथेच संपायचा. पण हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून घरी बसलेल्या माणसापुढे असा शब्द टाकणं म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी सरकवणं. मी कपाटातून जाडा शब्दकोश काढला. ही म्हणाली, "लागला नाद!"

तर ऑब्सेशन. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ समोर ठाण मांडून बसणं. आधी तो किल्ल्याच्या वेढ्यासाठी वापरत. पुढे भुताखेतांच्या कामी आला. भूत माणसाच्या आत शिरलं की पझेशन, आणि बाहेरूनच घेरून बसलं की ऑब्सेशन. वेढा आणि वेड हे शब्द मराठीत किती शेजारी-शेजारी बसलेत, हे लगेच माझ्या मनात आलं, पण दिसायला सारखे म्हणून सोयरीक जुळवायची नाही एवढी अक्कल अजून शिल्लक आहे. मला आठवलं ते धरणं. पैसे बुडवणाऱ्याच्या दाराशी उपाशी बसून राहायची आपली जुनी रीत. बसणारा काही करत नाही, नुसता बसतो, आणि आतल्याला घास गिळवत नाही. आता या व्याख्येनं आमच्या नातीच्या दाराशी चटणीची बरणी धरणं देऊन बसली आहे.

ॲडिक्टची गोष्ट त्याच गल्लीतली. रोमन कायद्यात कर्ज न फिटलेला माणूस सावकाराच्या हवाली करत, तो ॲडिक्टस. क्रेझ म्हणजे मुळात तडकणं. चिनी मातीच्या झिलईवर भेगांचं बारीक जाळं पडतं, त्याला कुंभारकामात आजही क्रेझिंग म्हणतात. आमच्याकडे तसला एक कप आहे. कान तुटलाय, सगळं अंग जाळीनं भरलंय, पण मला चहा त्यातच लागतो. म्हणजे क्रेझ कपाला आहे की मला, हा प्रश्न उरतोच.

खरी मजा फॅनपाशी आली. फॅन हा फॅनॅटिकचा तुकडा, आणि फॅनॅटिकच्या पोटात आहे फानुम. फानुम म्हणजे देऊळ! फॅन म्हणजे मुळात देवळातला माणूस. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो. खाली प्रदक्षिणा मार्गावरून तुळशीमाळा, बुक्का आणि चुरमुऱ्यांच्या गोण्यांनी भरलेल्या हातगाड्या चालल्या होत्या. वारीच्या तयारीनं गाव गजबजलं होतं. इंग्रजी पोरं क्रिकेटवाल्यांना नि नटनट्यांना वाहतात तो शब्द मुळात आमच्या गल्लीतल्या रहिवाशाचा निघाला. (डोक्यावर गरगरणारा फॅन वेगळा. त्याचं मूळ धान्य पाखडायच्या सुपात आहे. दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत.)

मात्र त्याच फानुमपासून प्रोफेनही आला आहे. प्रोफेन म्हणजे अपवित्र, पण अक्षरशः पाहिलं तर देवळासमोरचा, देवळाबाहेरचा. इथे माझं हसू जरा थांबलं. महाद्वारापाशी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कोसळलेल्या गावकुसाखाली ते गेले आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, असं परंपरा सांगते. जन्मभर ज्याला बाहेर ठेवलं, त्याची जागा ठरली तीही देवळासमोर. आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले ते विठोबाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. दहा-अकरा दिवस नुसतं पाण्यावर एक माणूस दाराकडे तोंड करून बसला आणि दार उघडलं. लॅटिनवाल्यांना ऑब्सेशनचं उदाहरण हवं असेल तर मी हे देईन. भूत वगैरे काही लागत नाही.

शब्दकोशात मन रमलं की दिवस कळत नाहीत. हॉबीपर्यंत पोचलो तोवर पालख्या वाखरीला आल्या होत्या. हॉबी म्हणजे आधी एक छोटं घोडं, मग पोरांचं काठीला डोकं लावलेलं खेळण्यातलं घोडं, आणि मग प्रौढ माणसानं ज्यावर स्वार होऊन घरच्यांना कंटाळा आणायचा तो छंद. बाजीरावाच्या विहिरीपाशीचं रिंगण मी कितीदा पाहिलंय. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळ्यांचे घोडे येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं. तो माउलींचा. तो रिकामा घोडा भरधाव निघतो, आणि तो गेला रे गेला की माणसं त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला धावतात. इंग्रजांनी आपल्या हॉबीवर माणूस बसवला. आपण जागा सोडून ठेवली.

दशमीला आमच्या ओसरीवर परभणीकडच्या मावशी आल्या. वर्षानुवर्षं येतात. डोक्यावर तुळशीवृंदावन, काखेत गाठोडं. आल्या आल्या पाय पसरून बसल्या, हिनं चहा दिला. मी टपलेलोच होतो.

"मावशी, एवढं चालायचं हे वेड तुम्हाला लागलं कसं?"

"येड कशाचं मास्तर? नेम हाय त्यो."

"पण लागलंच ना कधीतरी?"

"लागतंय की," त्या म्हणाल्या आणि टाच वर करून दाखवली. रुपयाएवढा फोड, वर हळद थापलेली, कडेनं रस्त्याची काळी धूळ.

मला जे शब्दकोशात सापडत नव्हतं ते त्या टाचेवर होतं. इंग्रजीत माणूस स्वतःच ऑब्सेस्ड असतो. मराठीत आपण काही नसतो, आपल्याला लागतं. वेड लागतं, नाद लागतो, छंद लागतो, ध्यास लागतो, लळा लागतो, चटक लागते. ग्रहणाआधी वेध लागतात, तसेच आषाढीचेही लागतात. ज्या क्रियापदानं ऊन लागतं, भूक लागते आणि ठेच लागते, त्यानंच. त्यात 'मी' कुठेच नाही, फार तर 'मला' आहे. शिवाय शब्द तरी कसले! नाद म्हणजे आवाज. छंद म्हणजे कवितेची चाल. हे सोडून आमच्या मुलांनी वेढा आणि भूत का उसनं आणावं, मला कळत नाही. हव्यास आणि सोस मात्र लागत नाहीत, ते आपण करतो, आणि म्हणूनच बहुधा त्यांना कुणी चांगलं म्हणत नाही.

एकादशीला पहाटे मावशी चंद्रभागेत बुडी मारून आल्या. बारी कुठवर लागलीय म्हणून विचारलं, तर पार गोपाळपूरकडच्या पत्राशेडपर्यंत. "मग दर्शन?" "झालं की. पायरीला डोकं टेकलं, चोखोबाला टेकलं, कळस बघितला." एवढं दोनअडीचशे किलोमीटर चालून ज्याच्यासाठी यायचं, त्याला न बघताच बाई परत जायला मोकळी. ऑब्सेशनवाल्याला हे कसं समजावणार?

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून त्या निघाल्या. हिनं त्यांच्या गाठोड्यात चटणीचा पुडा घातला, दुसरा नातीसाठी बांधून ठेवला. मी टेबलाशीच होतो, मॅनियापर्यंत आलो होतो. मावशी दारात थबकल्या.

"आले तवा हितंच बसलावता, निगाले तवा बी हितंच. मास्तर, तुमचा बी नेम मोठा हाय की."

"नेम कसला," ही आतून म्हणाली, "नाद आहे तो. उठा आता, नळाला पाणी आलंय."