दोन कळांचे अप्पा

दादरला आमच्या इमारतीत अप्पा राहतात. त्यांना वेळ विचारू नये. विचारलीच तर ते आधी घड्याळाचा इतिहास सांगतात आणि शेवटी वेळ मोबाइलवर बघतात.

त्यांच्या मनगटावर जुना क्रोनोग्राफ असतो. चावीच्या वर एक कळ, खाली एक कळ. वरची दाबली की मधला लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबली की थांबतो; खालची दाबली की टुणकन शून्यावर येतो. हे सगळं स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर. सेलच्या घड्याळांचा अप्पांना तिटकारा. "सेलवालं घड्याळ वेळ दाखवतं, बस्स. दुसरं काही नाही!" अप्पांची घड्याळं पहिलंही करत नाहीत, असं वहिनींचं म्हणणं.

क्रोनोग्राफचा उपयोग काय, असं विचारायची सोय नाही, कारण अप्पा करून दाखवतात. तबकडीच्या कडेला टॅकीमीटरचे आकडे असतात. एक किलोमीटर जायला 30 सेकंद लागले तर काटा 120 दाखवतो, 45 लागले तर 80. आकडे बहुतेक वेळा 60 ला संपतात. त्याहून हळू जाणारा माणूस त्या स्विस मंडळींच्या हिशेबात नव्हता. अप्पांनी दादर टीटीला टॅक्सीत बसताच कळ दाबली. काटा प्रदक्षिणांमागून प्रदक्षिणा घालत राहिला आणि टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला उभी. काही जुन्या घड्याळांत मिनिटांच्या छोट्या तबकडीवर 3, 6 आणि 9 च्या रेघा लांब काढलेल्या असतात. फोनचे पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने पडायचे, त्या काळातली ही सोय. अप्पा अजून ती वापरतात, पण फक्त वहिनींच्या माहेरच्या फोनला.

शुक्रवारी सकाळी अप्पा चोर बाजारात असतात. तिथे जाण्यापूर्वी त्यांचा अभ्यास झालेला असतो, आणि घात होतो तो तिथेच. अभ्यास पोटात ठेवणं त्यांना जमत नाही.

सायकोच्या 6139 चंच घ्या. हे मशीन 1969 चं, जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी. विल्यम पोग या अंतराळवीराने 1973 मध्ये स्कायलॅबवर जाताना पिवळ्या डायलचं असं घड्याळ स्वतःच्या हौसेने नेलं. तेव्हापासून जगभरच्या हौशी माणसांना पिवळी डायलच हवी असते, आणि मुंबईत मागाल त्या रंगाची डायल रंगवून मिळते. अप्पांनी दुकानदाराच्या हातातलं घड्याळ उलटं केलं आणि तास घेतला. "हे बघ, मागच्या नंबरातला पहिला आकडा वर्षाचा. इथे 5 आहे, म्हणजे 1975. आणि डायलवर 'वॉटर प्रूफ' लिहिलंयस? ते 1970 च्या आसपासच बंद झालं. पुढे 'रेझिस्ट' आलं. मला शिकवतोस?"

दुकानदाराने मान डोलावली. पुढच्या शुक्रवारी त्याच घड्याळावर 'रेझिस्ट' होतं. अप्पांनी ते विजयी मुद्रेने विकत घेतलं.

मग एक स्विस घड्याळ. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत टी, स्विस, टी. म्हणजे काट्यांवर ट्रिटियम. अप्पांनी रुमालात डोकं घालून पाहिलं आणि तक्रार केली, "अंधारात चमकत नाही." आठवड्यात ते काजव्यासारखं चमकायला लागलं. अप्पा घेऊन आले ते थेट घड्याळजीकडे. घड्याळजींनी डोळ्यातलं भिंग न काढता विचारलं, "अप्पा, ट्रिटियम 12 वर्षांत निम्मं होतं, 24 वर्षांत पाव. पन्नास वर्षांनी हे झगमगतंय कशाच्या जोरावर?"

"चांगलं जपलं असेल कुणीतरी."

घड्याळजींनी झाकण उघडलं. मशीन एका घड्याळाचं, केस दुसऱ्याची, डायल गेल्या आठवड्यातली. खालची कळ दाबली तर लांब काटा शून्यावर न येता दोन सेकंद पुढे थांबला. म्हणजे कुणीतरी काटा उपटून वाकडातिकडा बसवलेला. सर्व्हिसिंगचा जो आकडा त्यांनी सांगितला, तो घड्याळाच्या किमतीहून मोठा होता. क्रोनोग्राफच्या बाबतीत हे नेहमीचंच. साध्या घड्याळापेक्षा भाग कितीतरी जास्त, त्यातला एक झिजला तर तसाच दुसरा शोधत बसायचं, आणि ते उघडायला तयार होणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

अप्पा खचत नाहीत. त्यांच्याकडे ओमेगाचा दाखला तयार असतो. 2021 साली जिनिव्हाच्या लिलावात एक 1957 चा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेला. घेणारी खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. 2023 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ इकडचे-तिकडचे भाग जुळवून केलेलं होतं, आणि या उद्योगात आपलेच माजी कर्मचारी होते. "अहो, बनवणारे फसतात, तिथे मी कोण?" हे अप्पा अशा थाटात सांगतात, की ओमेगा आणि आपण एका पंक्तीला जेवायला बसलो आहोत.

एकदा मात्र चोर बाजारात अस्सल माल त्यांच्या हाती आला होता. वरची कळ दाबली, काटा सुटला. पुन्हा दाबली, काही नाही. "कळ गेलीय," म्हणत अप्पांनी ते परत टाकलं. आत लँडेरॉन 48 होतं. त्या मशीनमध्ये वरची कळ फक्त सुरू करते. थांबवायचं आणि शून्यावर आणायचं काम खालच्या कळीकडे. ते बनवलंच तसं आहे. दुपारी घड्याळजी तिथून गेले, एक शब्दही न बोलता पैसे मोजले आणि घड्याळ खिशात टाकलं. हल्ली ते त्यांच्याच मनगटावर असतं, आणि अप्पा त्यांना अधूनमधून सांगतात, "त्याची वरची कळ बघा जरा."

जुना क्रोनोग्राफ घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या. वस्तू देखणी असते. फक्त सोबत घड्याळजी न्या. विकणारा मागचं झाकण उघडू देत नसेल तर पैसे खिशात ठेवून घरी या. आणि डायलवर काय चुकलंय ते त्याला सांगू नका, पुढच्या शुक्रवारी तो दुरुस्त करून ठेवील. चोर बाजारात झाकण घड्याळाचं उघडायचं असतं, तोंड आपलं नाही.