शेवटची गाडी किती वाजता?

22 एप्रिल 2022 रोजी उदगीरला 95वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. संपावरच्या एसटी कर्मचाऱ्यांनी कामावर परतावे म्हणून उच्च न्यायालयाने दिलेली मुदतही नेमकी त्याच तारखेची. इकडे सारस्वत व्यासपीठावर चढत होते आणि तिकडे चालक-वाहक गाडीवर. मुखेड-देगलूरकडच्या कविता करणाऱ्या मास्तराने उदगीर गाठायचे कसे, हा विषय परिवहन खात्याचा. साहित्याचा त्याच्याशी काय संबंध?

तसे पाहिले तर संमेलनाच्या मांडवात बसून ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रतिनिधी शुल्क असते ते मुक्कामाचे, जेवणाचे आणि गळ्यातल्या बिल्ल्याचे. पण तुटपुंज्या पगाराच्या रसिकाचा खिसा दारात कापला जातच नाही. तो कापला जातो तिकिटात, लॉजात, बुडालेल्या रोजात. आयोजक काटकसर करतात तीही बरोबर याच जागी. स्वागत कमानीला काटकसर लागू नाही. शालीला तर नाहीच नाही. मराठवाड्यातल्या भर एप्रिलात पाहुण्याच्या घामेजल्या खांद्यावर शाल पडते, फोटो निघतो, आणि दुसऱ्या क्षणी तिची घडी होऊन ती मागच्या खुर्चीवर जाते. ती शाल रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलेल्या श्रोत्याच्या उशाला द्यावी, एवढी साधी सूचना अजून कुठल्या ठरावात आलेली नाही. राज्य शासनाचा संमेलनाचा निधी पुढे 50 लाखांवरून 2 कोटींवर गेला. उशीबद्दल तरीही कळले नाही.

त्याच उदगिरात, त्याच दिवसांत गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही भरले. 1999 मध्ये धारावीत बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या परंपरेचा हिशेब सोपा: घराघरांतून एक मूठ धान्य आणि एक रुपया. ज्याच्या घरची ज्वारी भाकरीत आहे, त्याच्याकडे जेवणाचे कूपन मागायची हिंमत कोण करील? कूपनाचेच म्हणाल तर नांदेडकरांना ते समजावून सांगणे मुळातच कठीण. तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बिल्ला न दाखवता रोज पंगती उठतात आणि कुणाचे भाषणही ऐकावे लागत नाही.

सरकारला स्वस्त हौस जमत नाही असे मात्र नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची 63वी हौशी मराठी नाट्य स्पर्धा 2024 मध्ये झाली. नांदेडच्या केंद्रावर पंधरा-दहा रुपयांच्या तिकिटात आख्खे नाटक पाहता येते. एवढ्यात शहरात धड चहा-भजीही होत नाहीत. बँकेतला कारकून, तालमीसाठी रजा टाकणारी शिक्षिका, घरचा पलंग नेपथ्याला आणणारा दिग्दर्शक अशी ही मंडळी. लातुरात मात्र या हौसेला वेळेचा अपव्यय समजतात. ट्यूशन एरियात पोराच्या ‘नीट’साठी लाखभर रुपये विनातक्रार मोजणारा बाप नाटकाच्या दहा रुपयांसाठी पास मागतो, हाही लातूर पॅटर्नच म्हणायचा.

हौस परवडावी कशी, हे पाहायचे असेल तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला जावे. खंडोबाच्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट येतात. जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, कुत्र्या-कोंबड्यांनाही त्यात मान असतो. कुस्त्यांची दंगल होते, लावणी महोत्सव होतो, तमाशाचे फड उभे राहतात. घोड्याचा शौक असलेला पण घोडा घ्यायची ऐपत नसलेला माणूस दिवसभर जनावरांचे दात बघत हिंडतो, खोड काढतो, किंमत पाडून मागतो आणि काहीही न घेता समाधानाने परततो. त्याला कुणी प्रतिनिधी म्हणत नाही. तो फडक्यातली भाकरी सोडतो, गाडीखाली नाहीतर पालाशेजारी पथारी टाकतो. तंबूत राहून अश्वदर्शन घ्यायचे ‘पॅकेज’ अजून माळेगावात पोचायचे आहे. पोचू नये म्हणून खंडोबाला वेगळी तळी उचलायला हरकत नाही.

महाराष्ट्रात रसिकतेला सर्वांत मोठे अनुदान दिले ते एसटीने. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. पण त्या सवलतीचा कार्यक्रमात चुराडा होतो. पाचचे उद्घाटन साडेसातला, कारण मंत्रिमहोदय रस्त्यात. मग सत्कार. मग सत्काराला उत्तर. मूळ गाणे किंवा कविता सुरू होते तेव्हा मागच्या रांगेतले अहमदपूर, कंधार, औशाचे लोक शेवटची गाडी गाठायला चपला शोधत असतात. जो थांबतो, त्याला अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे लॉजवाल्याला मोजावे लागतात, वर पदरचेही घालावे लागतात.

तेव्हा नांदेड-लातूरच्या तमाम स्वागत समित्यांना विनंती: पुढच्या निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावांखाली थोडी जागा ठेवा आणि तिथे बसस्थानकावरून सुटणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा छापा. पाहुण्यांनाही एक प्रत आठवणीने पाठवा.