एकोणशंभर

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करून मी निवृत्त झालो आणि तिसऱ्याच वर्षी माझ्या मुलीनं जाहीर केलं, की नातीला शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं.

"आणि कायदा?" मी चष्मा पुसत विचारलं.

"शिक्षणहक्क कायदा सहा वर्षं पुरी झाल्यावर लागतो, बाबा. ही साडेपाचची आहे. पुढचं पुढे. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा असतात." मग तिनं माझी नेमणूकही करून टाकली. तोंडी, बिनपगारी. "रोज दहा ते बारा तिच्याजवळ बसा. फक्त निरीक्षण करायचं. शिकवायचं नाही."

निवृत्त मास्तराला असं सांगणं म्हणजे कोंबड्याला 'आरवू नकोस, सूर्य उगवतो का तेवढं बघ' म्हणणं. तरी मी दोनशे पानी वही आणली, समास आखला, तारखेचा रकाना पाडला. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मी डी.एड.ला वाचलं होतं. वाचलं म्हणजे त्यावरचा प्रश्न पाठ केला होता. मुलाला आधी नीट पाहावं, मग शिकवावं, असं उत्तर लिहून भरघोस गुण मिळवले आणि पुढली बत्तीस वर्षं फळ्याकडे तोंड करून काढली.

पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे : '१०.०५, विद्यार्थिनी टेबलाखाली. १०.२०, अजून टेबलाखाली. १०.४०, निरीक्षकही टेबलाखाली.' तिथं एक झुरळ होतं. तिनं चप्पल हाणली आणि म्हणाली, "आबा, झुरळ मरलं. मी करलं!"

माझ्या जिभेला खाज सुटली. "करलं नाही गं, केलं. मरलं नाही, मेलं." झालं, नियम मोडला. तिनं मात्र नियम पकडला. तासाभरानं न्हाणीघरातून आरोळी आली, "आजी, बादली भेली!"

"कशाला भेली गं?" आजी धावली.

बादली काठोकाठ भरली होती. 'कर'चं केलं, 'मर'चं मेलं, तर 'भर'चं भेलं का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर तिनं 'बसलं', 'हसलं', 'पडलं' ऐकून स्वतःच एक नियम बांधला होता आणि त्या नियमानं 'करलं' अगदी बरोबर होतं. ते कुणी तिला शिकवलं नव्हतं. 'भेलं' मात्र मी शिकवलं. वहीत लिहिलं : 'निरीक्षकाची चूक.' लाल शाईनं. सवय.

मग मुलीनं मला पियाजेबद्दल सांगितलं. हा स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ स्वतःच्या तीन मुलांना बघत बसायचा आणि त्यातून त्यानं पुस्तकं लिहिली. त्याचा पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. आम्ही ताकाचा केला. दोन सारख्या वाट्यांत सारखं ताक. त्यातलं एक तिच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. "आता कुठलं जास्त?" पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवतात. हिनंही दाखवलं. पियाजे जिंकला म्हणून मी लिहायला वही उघडतोय, तोच तिनं पेला माझ्यापुढे सरकवला आणि वाटी स्वतःकडे ओढली. तिला ताक आवडत नाही.

खरी परीक्षा अंकांची होती. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. "उद्या चोवीस तासांना वीस चार तास म्हणा!" आता मी त्रेसष्ट म्हटलं की नात आधी तीन लिहायची आणि मग सहा. कानावर 'त्रे' आधी पडतं, 'साठ' नंतर. पोरीनं ऐकलं तसं लिहिलं, आणि मी अशा 'छत्तीस'वर बत्तीस वर्षं काट मारत आलो होतो.

एकदा ती आपली आपण मोजत बसली होती. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद... आणि सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, "एकोणशंभर!"

मी उशी तोंडात धरली. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत भाषेनं तिला आठ वेळा 'एकोण' म्हणायला लावलं आणि नवव्या वेळी 'नव्व्याण्णव' म्हणून दगा दिला. दोष कुणाचा? तरी राहवेना. म्हटलं, "अगं, एकोण म्हणजे एक ऊन. संस्कृतात ऊन म्हणजे कमी." खिडकीतून मे महिन्याची दुपार आत येत होती. तिनं डोळे बारीक करून बाहेर पाहिलं. "आबा, मग आज खूपच कमी पडलंय."

संध्याकाळी आम्ही झाडू आणायला वाण्याकडे गेलो. तिनं चिठ्ठीवरची किंमत वाचली, "एकोणशंभर रुपये." वाण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शंभराची नोट दिली. सुटा रुपया नव्हता, म्हणून त्यानं बरणीतून एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

घरी येताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कळलं आबा. एकोण म्हणजे एक गोळी."

शंभर वजा एक गोळी बरोबर नव्व्याण्णव. ताळा जमत होता. तरी मी शिकवायला तोंड उघडलंच. तिनं दातांनी गोळीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या तोंडात कोंबला.

निरीक्षण पुढे चालू राहिलं.