आरती नको, तिला दोन तास द्या

मूल जन्मतः अपंग असलं की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पहिला जाब बाळंतिणीला विचारतात. "गिराण पाळलं न्हाईस व्हय गं?" फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, अधू पाय, सगळ्याचा ठपका तिनं ग्रहणात धरलेल्या विळीवर. ग्रहणात भाजी चिरल्यानं कुठल्याच बाळाचा ओठ फाटत नाही. काही व्यंगं जनुकांतून येतात, काही गर्भातल्या संसर्गातून, काहींमागे फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता असते. पुष्कळांचं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. हे सासूला आणि नवऱ्याला दवाखान्यातच बसवून सांगायला हवं. त्या आईला लागणारा पहिला आधार हाच.

ठपका ठेवून झाला की पुढं तिला देवी करतात. "देवानं तुलाच निवडलं, तू म्हणून करतीस." या कौतुकाच्या आड घरातले बाकीचे हात मोकळे होतात. बारा वर्षांच्या मुलाला उचलून न्हाणीत नेणाऱ्या बाईची कंबर जाते, रात्रीची झोप जाते. चंदगडहून मुलाला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि रोजगार बुडतो. तिला आरती नको, विसावा हवा.

सरकार मुलाकडं पाहतं, आईकडं नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झालं. चांगलं झालं, पण ते मुलाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २४वं कलम जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद सांगतं. केरळ 'आश्वासकिरणम्' योजनेतून असा भत्ता देतं. कर्नाटकानं २०२४ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सीसारख्या काही आजारांत सांभाळणाऱ्याला महिना एक हजार जाहीर केले. कर्नाटकातलं निपाणी कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या आईचे कष्ट मोजता येतात, तर कागलच्या आईचेही मोजता येतील. महाराष्ट्रानं ते मोजावेत.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं म्हणजे नोकरीतला तिचा समान सहभाग नाकारणं. निकाल मोलाचा आहे. पण तो सरकारी नोकरीतल्या आईचा. इचलकरंजीत मागाच्या कांड्या भरणाऱ्या बाईनं रजा कुणाकडं मागायची?

तिला ती गावानं द्यावी. ग्रामपंचायतींनी उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' उभी केली ती याच कोल्हापुरात. संस्था उभारायला या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. चार-पाच गावांनी निधी एकत्र करावा, एक खोली घ्यावी आणि शिकवून तयार केलेल्या दोन बायका पगारावर ठेवाव्यात. रोज निदान दोन तास मुलं तिथं राहतील. त्या वेळात आई झोपेल, स्वतःसाठी दवाखान्यात जाईल, नाहीतर कामावर जाईल. कुठं जातेस, हे तिला कुणी विचारू नये.

बापानंही आठवड्यातला एक दिवस मूल पूर्ण सांभाळावं. त्याला ना निधी लागतो, ना ठराव.